तुसाचा खड्डा

मामाच्या भाताच्या गिरणीमागे तुसाचा एक खड्डा होता. जगाचं तापमान कमी करण्याच्या कामी तो खर्ची पडला. तापमानाचं पुढे काय झालं ते आपण सगळे बघतोच आहोत. खड्ड्याचं काय झालं ते फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून लिहिते आहे. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तटस्थपणे लिहिते आहे असा गैरसमज कुणाचा व्हायला नको.

गिरणी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर होती. मी शहापूरला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असे आणि सुट्टी लागली की एसटीने मामाकडे जात असे. शहापुरात राहणाऱ्या माणसाला अर्थशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. धरणं आमच्या तालुक्यात, नळ मुंबईत, आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर पुन्हा आमच्या तालुक्यात. मामाच्या गावात हेच विजेचं होतं. भातखाचरांत पाय रोवून मोठे मनोरे उभे होते, त्यांच्यावरच्या तारा दिवसरात्र गुणगुणत मुंबईकडे जात आणि त्यांच्या खाली भारनियमन असे. वीज येईल तेव्हा गिरणी चाले. लोक भाताची पोती लावून ओट्यावर बसत आणि वर तारांकडे बघत.

गिरणीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. तांदूळ ज्याचा भात त्याचा. कोंडाही त्याचाच, कारण घरी म्हैस नाहीतर कोंबड्या असतच. भरडाई मामाची. आणि तूस, म्हणजे दाण्यावरचं टरफल, पंख्याच्या झोताने पत्र्याच्या नळीतून मागच्या खड्ड्यात जाऊन पडे. ते ज्याला लागेल त्याने न्यावं. कुणी खुराड्यात पसरायला नेई, कुणी राब भाजताना रोपांच्या वाफ्यावर टाकायला. सगळ्यांत जास्त नेत त्या डोंगरावरच्या वाडीतल्या बायका, शेगडीसाठी.

ही शेगडी करायला तेलाचा रिकामा डबा लागतो. डब्याला खाली भोक पाडायचं. आत मधोमध एक बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडकं आडवं सरकवायचं आणि भोवताली तूस ठासून भरायचं. मग बाटली आणि दांडकं अलगद ओढून घेतलं की आत वाकडा बोगदा राहतो. त्याच्या तळाशी पेटती ढलपी सरकवली की शेगडी निवांत जळत राहते. फुंकावं लागत नाही की कुणाला समोर बसावं लागत नाही. धूर असतो, नाही असं नाही. पण त्यासाठी झाड तोडावं लागत नाही, आणि हे मला तेव्हा इतकं साधं वाटत होतं की त्याचा विचारसुद्धा कधी केला नव्हता.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं गेली होती. शाळेत मुलांना दुपारी खिचडी द्यायला सुरुवात झाली होती आणि गावातल्या शाळेत ती शिजवायला वरच्या वाडीतली एक बाई होती. अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं कुलपं लावून वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. ही जात नसे. खिचडीच्या कामामुळे तिला वाडीत राहता येई, आणि आई घरी म्हणून पोरंही शाळेत राहत. तिच्या लेखी त्या कामाचा अर्थ एवढाच होता. पगार सांगण्यासारखा नव्हता. तो मिळे तेव्हा मिळे.

तिच्या शाळेच्या पडवीत दोन शेगड्या असत. सकाळी खाली येताना ती गिरणीवर थांबे, खड्ड्यात उतरून पोतं भरे आणि मामाशी दोन शब्द भांडून पुढे जाई.

"काल किती ओलं तूस होतं, मामा. तांदूळ भरडता का धुता?"

"फुकटचं नेतीस, वर नावं ठेवतीस."

"फुकटचं हाय म्हनून ओलं देनार काय?"

एका दुपारी मी ओट्यावर पेपर वाचत बसले होते तेव्हा एक जीप आली. तालुक्याच्या बाजूच्या एका कारखान्यातला तरुण अधिकारी उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अगदी गोड. तो खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिला. एखाद्या जुन्या देवळापाशी उभं राहावं तसा.

"काका, या वेस्टचं तुम्ही काय करता?"

"कुठल्या?"

"हा सगळा भुसा."

"तूस ते. पडलेलं असतं. लोक नेतात."

"आम्ही उचललं तर चालेल? सगळं? खड्डा आमची माणसं साफ करून देतील. रेट काय लावाल?"

मामाने माझ्याकडे बघितलं. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. "तुसाचा रेट? उद्या इस्तवाचा रेट इचारशील, रे. न्यायचं तर सगळं ने. चा घेशील ना?"

मामा काय म्हणत होता ते त्या अधिकाऱ्याला कळलं नाही, आणि मलाही पुरतं कळलं नाही. आमच्याकडे चूल विझली की शेजारून करवंटीत विस्तव आणत. त्याचे पैसे घेणं म्हणजे गावातून उठण्यासारखं होतं. मामाच्या हिशेबी तूस त्याच जातीचं. ते विकायचा विचारच त्याला लाजिरवाणा वाटला, म्हणून त्याने ते देऊन टाकलं. शेजाऱ्याला द्यावं तसं. शेजारी विस्तव न्यायला ट्रक घेऊन येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. माणसं खड्ड्यात उतरली, फावड्यांनी तळ खरवडून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. जाताना खड्डा खरोखरच झाडून गेली, शब्दाला पक्की होती. मामाला ते आवडलंही. गिरणीमागे वाऱ्याने तूस उडायचं ते बंद झालं.

बाई पोतं घेऊन आली आणि काठावर उभी राहिली.

"कुठं गेलं सगळं?"

"कारखान्याला दिलं," मामा म्हणाला. "आज थोडं भरडलं की पडेल. थांब वाईच."

"खिचडी थांबंल काय?"

ती गेली. त्या दिवशी तिने पडवीमागच्या पेंढ्यावर निभावलं. मग वाडीच्या वरच्या उतारावर जाऊ लागली. सुरुवातीला वाळलेलं मिळालं. वाळलेलं संपायला वेळ लागत नाही, कारण ट्रक तालुक्यातल्या सगळ्याच गिरण्यांवर फिरत होता आणि सगळ्याच वाड्यांतल्या बायका वर चढू लागल्या होत्या. मग ऐनाच्या ओल्या फांद्या आल्या. ओलं लाकूड धुमसतं, खिचडीला मधल्या सुट्टीपर्यंत उकळी येत नाही. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. ते तिला म्हणाले, "बाय, मला वर उत्तर द्यायला लागतं. तुझ्याच्यानं होत नसेल तर दुसऱ्या बायका तयार आहेत." दुसऱ्या बायका म्हणजे गावातला बचत गट, ज्याच्याकडे सिलिंडर होता आणि ज्याच्या अध्यक्षीणबाईंचा दीर ग्रामपंचायतीत होता.

त्यानंतर वनरक्षकाने तिला ओल्या मोळीसकट धरलं आणि तिचा कोयता काढून घेतला.

मी पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमच्या मामानं तूस दिलं. आता डोंगर बी दे म्हनावं. गाडीत बसंल का बघा."

ती गेल्यावर मी मामाशी भांडले. इतकं आम्ही आधी कधी भांडलो नव्हतो.

"ट्रकला नाही म्हण."

"सगळं ने म्हटलंय मी. शब्द दिलाय, गो."

"शब्द देताना तिला विचारलंस?"

"तिचं कुठं होतं ते?"

"मग तुझं होतं?"

पंखा बंद होता, वीज गेलेली होती, वरच्या तारा गुणगुणत होत्या. मामा म्हणाला, "चा थंड झाला तुझा."

त्याच सुमारास कारखान्याचं आमंत्रण आलं. हिरव्या जाड कागदाचं, वर पान छापलेलं. कारखान्याला त्याच्या हरित कामगिरीबद्दल कुठलंसं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि त्यानिमित्त 'कच्चा माल पुरवणाऱ्या सहकाऱ्यांचा' सत्कार होता. मामाला एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मी सोबत गेले.

वसुंधरा वाचवण्याचे समारंभ मी बरेच पाहिले आहेत, पण हा त्यांत उजवा होता. बाहेर भारनियमन चालू होतं, म्हणून मांडवाशेजारी डिझेलचा जनरेटर धडधडत होता. हिरवे फ्लेक्स होते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ होते, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली होती. पाहुणे एकेका गाडीत एकेक असे आले. दीपप्रज्वलन पंख्यामुळे होईना. ज्योत लावली की विझे. शेवटी दोन माणसांनी मोठ्या फायलींचा आडोसा धरला आणि त्या आडोशात ज्ञानाचा प्रकाश पेटला.

मग मुंबईहून आलेल्या एका सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवत सगळं समजावून सांगितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मामाच्या तुसाचं काय होत होतं. कारखान्याची वाफेची भट्टी पूर्वी तेलावर चाले. तेल महाग, आणि त्याचा धूर जगाला तापवणारा. तूस जाळलं की तेवढा धूर वाचला असं धरायचं. वाचलेल्या धुराचे दाखले मिळतात. ते दाखले परदेशातला एखादा कारखाना विकत घेतो आणि त्याबदल्यात आपला धूर चालू ठेवतो. ज्या वस्तूचे पैसे घ्यायला मामाला लाज वाटली, तिचा धूरसुद्धा समुद्रापलीकडे विकला गेला होता. मी पंधरा वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते. एवढी सफाई मी पुस्तकात पाहिली नव्हती.

पडद्यावर एक हिरवागार डोंगर आला. त्याखाली लिहिलं होतं की ही वनराई आपण वाचवतो आहोत. मामाने मला कोपर मारलं. तो वाडीच्या वरचा उतार होता, बहुधा मागच्या पावसाळ्यात काढलेला. आता तिथे ऐनाची खोडं होती, वर टोकाला चार पानं ठेवलेली.

प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. "पूर्वी या तुसावर ज्यांच्या शेगड्या चालत होत्या, त्या बायका आता काय जाळतात?"

"फार छान प्रश्न आहे, मॅडम," सल्लागार हसून म्हणाला. "पण ते आपल्या प्रकल्पाच्या सीमेबाहेर येतं." आणि त्याने सीमा दाखवली. नकाशावर लाल रेघ होती. रेघेच्या आत कारखाना, ट्रकचा रस्ता, तालुक्यातल्या गिरण्या. मामाच्या गिरणीला वळसा घालून रेघ खड्ड्याच्या काठापाशी वळली होती. ती बाई पोतं घेऊन नेमकी त्या काठाच्या पलीकडे उभी राहिली होती.

टाळ्या वाजल्या. त्या माझ्या प्रश्नाला होत्या की त्याच्या उत्तराला, ते मला अजून कळलेलं नाही.

मामाला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल जरीच्या काठाची होती, हाताला चरचरत होती. परत येताना एसटीत तो बराच वेळ नारळ मांडीवर घेऊन बसला होता. मुरबाड मागे पडल्यावर म्हणाला, "खड्ड्यातलं सगळं. असंच बोललो ना मी?"

"सगळं ने म्हणालास."

"तो खड्ड्यापाशी उभा राहून इचारत होता. म्हंजी खड्ड्यातलंच."

"असेल."

"बरं," मामा म्हणाला, आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याने मागची पत्र्याची नळी सोडवली आणि पंख्याच्या तोंडाला गोणपाट बांधलं. तूस आता खड्ड्यात पडेना, गोणीत पडू लागलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगू लागला की तूस तुमचं, घरी न्या, नको असेल तर शाळेच्या पडवीत टाका, वाटेतच आहे.

बायकांनी त्याला फाडून खाल्लं. "आता तूस बी आमीच डोक्यावर न्यायचं काय, मामा? उद्या गिरनी बी न्यायला सांगशील."

"तांदूळ नेतेस तवा जड नाय होत? तूस हलकं हाय. ने."

नेऊ लागल्या. शाळा वाटेवर असल्यामुळे निम्म्या गोण्या पडवीत येऊन पडू लागल्या. बाईच्या शेगड्या पुन्हा पेटल्या, मुख्याध्यापक पुन्हा गप्प झाले. ट्रक आला तेव्हा मी तिथे नव्हते, पण मामाने मला ते इतक्यांदा सांगितलं आहे की मी पाहिल्यासारखंच आहे. अधिकारी खड्ड्यात डोकावला. "काका, माल?" मामा म्हणाला, "खड्ड्यात बघ की. त्यातलं समदं तुझंच हाय."

हे एक हंगाम चाललं. त्या हंगामात मामा जरा ताठ चालत असे.

मग ट्रकने गिरणीवर येणं सोडून दिलं आणि तो दारोदार फिरू लागला. गोणीमागे पैसे रोख. घरी तूस न्यायची सवय मामानेच लावली होती. आता त्या गोण्या शाळेच्या वाटेने जाण्याऐवजी घराच्या अंगणात थांबू लागल्या आणि अंगणातून ट्रकमध्ये जाऊ लागल्या. मी कुणाला दोष कसा देऊ? मिठामिरचीचे पैसे दारात येऊन कुणी देत असेल तर नको कोण म्हणेल? ज्यांना काल तूस विकणं लाजिरवाणं वाटत होतं, त्यांना आज ते फुकट देणं वेडेपणाचं वाटू लागलं. मी वर्गात हेच शिकवत होते, की वस्तूला किंमत आली की ती योग्य जागी पोचते. त्या वर्षी ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझा खडू मोडला आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

पडवीत येणाऱ्या गोण्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. बाई शेवटची गिरणीवर आली ती पोतं न घेताच. खिचडीचं काम बचत गटाकडे गेलं होतं, सिलिंडरसकट. ती वीटभट्टीवर निघाली होती. पोरंही सोबतच जाणार होती.

मामा आत गेला आणि खुंटीवरची सत्काराची शाल घेऊन आला. तिच्या हातात दिली.

तिने ती उलटीपालटी केली. "ह्येच्यानं काय शिजतं?" म्हणाली. पण घेतली.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. त्या पावसाळ्यात कारखान्याने वाडीच्या वरच्या उतारावर वृक्षारोपण ठेवलं. उतार बोडका झालेला कुणाच्या तरी नजरेला आला होता. मलाही आमंत्रण होतं, सूत्रसंचालन करा म्हणून. मी नाही म्हटलं, पण मामाकडे होते म्हणून बघायला वर गेले. खड्डे खणायला वाडीतलीच माणसं रोजावर लावली होती. बाई रोपांची पाटी डोक्यावरून आणत होती. पाटीखाली चुंबळ होती, आणि चुंबळीला जरीचा काठ होता.

"भट्टीवर कसं होतं?" मी विचारलं.

"तिथं तुसाला तोटा नाय, बाई. गाडी भरून येतं. विटा भाजायला." तिने पाटी खाली ठेवली. "शाल बरी हाय. थंडीला काय उपेगाची नाय, पन गुंडाळी चांगली बसते."

फोटो काढणाऱ्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. सल्लागाराने रोप लावलं, दुसऱ्या पाहुण्यांनी पाणी घातलं. प्रत्येक रोपाला आधाराची काठी होती, आणि काठीवर पाहुण्याच्या नावाची रंगवलेली लाकडी पाटी.

"ही झाडं कोनाची?" तिने मला हळूच विचारलं.

"कारखान्याची असतील."

"मंग उन्हाळ्यात पानी कोन घालनार?"

उत्तराची वाट न बघता तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

भट्टीला जायच्या आधी ती मला एकदा भेटली, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पुन्हा. तेव्हा मी वाडीत तिच्या झोपडीपाशी चहा प्यायले. तीन दगडांच्या चुलीत सरळसोट, एकसारख्या काठ्या जळत होत्या. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. रोपं उन्हाळ्यात वाळून गेली, काठ्या तशाच उभ्या होत्या, म्हणाली. काठ्या वाळलेल्या आहेत म्हणून वनरक्षकही काही बोलत नाही.

मग तिने बाजूच्या ढिगातून नावांच्या दोन पाट्या उचलल्या आणि चुलीत सरकवल्या. रंगाचा थोडा वास मारतो, म्हणाली, पण तूस नाय तवा चालतं.